अप्पांच्या मानेतलं वैराग्य

माझे वडील काही महिने साधू होते. त्यांनी स्वतः तसं कधी म्हटलं नाही, भगवं काही अंगावर घातलं नाही, घरही सोडलं नाही. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, वकिलीच्या त्याच खुर्चीवर ते बसून राहिले आणि लोकांनीच त्यांना साधू करून टाकलं. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. मैत्रिणींचे वडील बँकेत, रेल्वेत, शाळेत कामाला होते. माझे वडील काय करतात असं कुणी विचारलं की काय सांगावं ते मला कळत नसे.

त्याआधीचे अप्पा ज्यांनी पाहिले होते त्यांना हा बदल किती अघटित होता ते कळेल. अप्पांचा आवाज आमच्या घराचा पत्ता होता. नवीन अशिलाला लोक सांगत, त्या गल्लीत शिरा आणि ओरडणं ऐकू येईल तिकडं जा. दाढी करताना ते आरशातल्या स्वतःवरही चिडत. रागावणं कानडीत आणि लाड मराठीत अशी त्यांनी दोन भाषांची वाटणी करून ठेवली होती, आणि त्यामुळे पुढच्या खोलीतून कानडी यायला लागली की मांजरसुद्धा माझ्या खोलीत येऊन बसायचं. रेल्वे वर्कशॉपचा भोंगा वाजला की बाकीची माणसं बोलणं थांबवत. अप्पा आवाज चढवत. आई बेळगावची होती, तीही काही कमी नव्हती. गिरमिटात कांदा कमी पडला की मिरची जास्त झाली यावरून त्यांची संध्याकाळी जी जुंपायची, ती ऐकत मी चुरमुऱ्यांचं ते तिखटगोड मिश्रण बशीभर खाऊन संपवत असे. त्या भांडणात द्वेषाचा कणही नव्हता. ते दोघं एकमेकांशी बोलायचे ते असं.

घरात चौथं माणूस म्हणजे अक्का, अप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेल्यावर ती परत आली होती आणि देवघर, लोणच्याच्या बरण्या आणि घराण्याची अब्रू हे तिन्ही तिच्या ताब्यात होतं. अब्रू तिनं एका चांदीच्या करंड्यात ठेवली होती. त्यात कुंकू नव्हतं, मुतखडे होते. अज्जांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, अप्पांचे, आणि अळणावरला लाकडाच्या वखारीवर असलेल्या काकांचे. आमच्या घराण्यातल्या पुरुषाला खडा व्हायचाच आणि तो पडला की अक्का तो धुऊन, कापसावर ठेवून करंड्यात घालायची. घरी पाहुणा आला, चहा झाला, की करंडा निघे. "हा आमच्या अप्पाचा, गेल्या दिवाळीतला. बघा की, कसला टोकदार आहे. एवढा सोसला त्यानं, तोंडातनं हूं की चूं नाही," असं ती सांगे. हे शेवटचं साफ खोटं होतं. तो खडा पडला तेव्हाचं अप्पांचं ओरडणं कोपऱ्यावरच्या भजीवाल्यानं ऐकलं होतं.

अप्पांची हाडं दुखायला लागली ती त्याच सुमारास. गुडघे, पाठ, नडग्या. अक्कानं निदान केलं, हाडांत चुना कमी पडलाय, आणि ती रोज सकाळी ताकात खायचा चुना कालवून त्यांना द्यायला लागली. वर हुलग्याचं कढण, खड्यांवर उतारा म्हणून. अप्पा मुकाट्यानं प्यायचे. हे मुकाट्यानं पिणं नवीन आहे हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मग हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं, पाणी वाढलं. तांब्या हाताशी असायचा, रिकामा झाला की मी भरायची, आणि तो परत रिकामा व्हायचा. कुणी काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा आपला प्रश्नच विसरून जाई. गिरमिट समोर ठेवलं तर कांद्याबद्दल चकार शब्द नाही.

साधुत्वाला सुरुवात झाली ती दोन भावांच्या दाव्यापासून. धारवाडजवळच्या एका गावातले हे भाऊ बांधाच्या एका पट्टीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. त्यातला धाकटा आमचा अशील. त्या दिवशी समेटाची बोलणी करायला दोघंही आले होते आणि अप्पांसमोरच एकमेकांच्या अंगावर धावून गेले. जुने अप्पा असते तर दोघांना खिडकीतून बाहेर काढलं असतं. हे अप्पा बराच वेळ त्यांच्या पलीकडे कुठंतरी बघत राहिले, एक घोट पाणी प्यायले आणि अगदी हळू म्हणाले, "बिड तम्मा. एनैति अदराग." सोड रे बाबा, काय आहे त्यात. त्या आवाजात असं काही रितेपण होतं की थोरला भाऊ मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मग धाकटाही. दोघं गळ्यात गळा घालून बाहेर पडले. अप्पांचा कारकून मल्लप्पा दारात उभा होता. त्यानं चपला काढून अप्पांना नमस्कार केला.

मल्लप्पाचा हात लागल्यावर पुढचं सगळं भराभर झालं. पुढच्या गुरुवारी माणसं आली, त्याच्या पुढच्या गुरुवारी रांग लागली. नारळ, केळी, धारवाडचे पेढे. मल्लप्पानं ओसरीवर चपलांची जागा आखली, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाला हार घातला. सुनेशी न पटणारी सासू, नापास झालेला मुलगा, बदली हवी असलेला मास्तर, सगळ्यांना अप्पा एकच सांगत, "बिड, एनैति अदराग." माणसं डोळे पुसत जात. ज्यांचे खटले चालू होते त्यांनी ते मागे घेतले आणि वकिली बसली. अक्काचा आनंद गगनात मावत नव्हता. तिनं करंडासुद्धा दर्शनाला बाहेर काढला, आणि शहाणीसुरती माणसं माझ्या वडिलांच्या मुतखड्यांपुढे हात जोडू लागली. एका बाईनं तर त्यांवर फूल वाहिलं.

आई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. तिला साधू नको होता. तिला भांडायला नवरा हवा होता. ती मुद्दाम गिरमिटात कांदा घालायचीच विसरे आणि दाराआडून बघत राही. मीही एकदा प्रयत्न केला. अप्पा टेबलाशी बसले असताना मी शाईची दौत त्यांच्या कागदांवर सरळ आडवी केली. निळं डबकं पसरत त्यांच्या बाहीपर्यंत गेलं. त्यांनी बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि म्हणाले, "बिडव्वा." सोड गं पोरी. मला त्यांनी कधी कानडीत चुचकारलं नव्हतं. रागवायचं तर कानडी, लाड करायचे तर मराठी, आणि हे दोन्हीपैकी काहीच नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन खूप रडले. माझे वडील समोर बसलेले होते आणि मला त्यांची आठवण येत होती.

आता या वयात कुणाची शांती पाहिली की मला भक्ती सुचत नाही, तहान किती लागते ते विचारावंसं वाटतं. एका नातेवाइकांना मी तसं विचारलंही. ते नुकतेच कुठल्याशा शिबिरातून ध्यान शिकून आले होते, आणि तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

डॉक्टर हिरेमठ आमच्या घरी आले ते डॉक्टर म्हणून नाही. लॅमिंग्टन रोडवर त्यांनी नवीनच दवाखाना टाकला होता, लग्नाला तयार होत नव्हते, म्हणून त्यांची आई त्यांना दंडाला धरून गुरुवारच्या रांगेत घेऊन आली होती. पाळी आली, आई वाकली, मुलगा वाकला नाही. तो तांब्याकडे बघत होता. तेवढ्या वेळात अप्पांनी तांब्या संपवला होता आणि मी दुसरा आणून ठेवला होता. अक्कानं सवयीनं करंडा पुढे केला.

"हे काय आहे, अक्का?" डॉक्टरांनी विचारलं.

"खडे. आमच्या घराण्याचे. हा अज्जांचा, हे अप्पाचे, हा आमच्या धाकट्याचा."

डॉक्टरांनी करंडा उजेडात धरला. फूल बाजूला केलं. "अज्जा कशानं गेले?"

"पोटात अल्सर. एक बरा झाला की दुसरा. शेवटी रक्त ओकले. पण देवमाणूस."

"आणि यांची हाडं दुखतात?"

"दुखत होती. मी रोज चुना देते की ताकातनं."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी करंडा परत दिला आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाले, "मला यांचं रक्त पाहिजे." मागच्या बाईनं कानांवर हात ठेवले. मल्लप्पा मधे उभा राहिला, साहेब आता देहाच्या पलीकडं गेलेत, सुई कशाला म्हणाला. पण आईनं आतून येऊन अप्पांची बाही स्वतः वर केली. शाईचा निळा डाग अजून गेला नव्हता.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले तेव्हाही गुरुवारच होता, त्यामुळे त्यांनी जे सांगितलं ते आमच्याबरोबर अर्ध्या ओसरीनं ऐकलं. "मानेत, थायरॉइडच्या पाठीमागं, चार बारक्या ग्रंथी असतात सगळ्यांना. तांदळाच्या दाण्याएवढ्या. पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं तेवढंच त्यांचं काम. यांच्या ग्रंथी बेताल झाल्यात. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतायल्यात, त्यात तुमचा चुना. म्हणून हाडं दुखतात. म्हणून खडे. म्हणून ही तहान. आणि म्हणून..." ते थांबले, हार घातलेल्या कपाटाकडे आणि केळ्यांच्या घडांकडे बघितलं, "म्हणून हे."

"शांती पण त्यातनंच काय, साहेब?" मल्लप्पानं विचारलं.

"त्यातनंच."

ओसरीवर मोठा गलका झाला. अक्का ताडकन उठली. "माणूस एवढा वर पोचलाय आणि तुम्ही कापून त्याला खाली आणायलाय?"

"मला खालीच पाहिजेत ते," आई म्हणाली. "मी इथं खालीच राहते, वन्सं."

कुणीतरी म्हणालं, महाराजांनाच विचारा. सगळे अप्पांकडे वळले. अप्पांनी सगळ्यांकडे बघितलं, पाणी प्यायले, आणि काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. मल्लप्पाच्या मते तो नकार होता. आई वकिलाची बायको, तिनं तो होकार धरला आणि ट्रंक भरायला आत गेली.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. चारही ग्रंथी सुजलेल्या निघाल्या. सर्जननं साडेतीन काढल्या आणि अर्धी कामापुरती ठेवली. काढलेल्या करंड्यात ठेवायला मिळतील का असं अक्कानं विचारलं, तर तपासणीला गेल्या असं उत्तर मिळालं. तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आता कॅल्शियम एकदम उतरलं होतं, आणि डॉक्टरांनी कॅल्शियमच्याच गोळ्या लिहून दिल्या. "मी काय म्हणत होते?" अक्का इस्पितळभर सांगत फिरली. "चुना!"

त्यानंतर दोनेक दिवसांनी आई आणि मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलो असताना आतून एक घोगरा, फाटलेला आवाज आला. कानडीत. हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी, आणि हे ज्यानं आणलं त्याला माझ्यासमोर उभा करा. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती आत गेली नाही. तिथंच बसून डोळे मिटून ऐकत राहिली. आवाज जसजसा चढला तसतसे तिचे अश्रू ओघळायला लागले, आणि मीही रडत होते, आणि मला आयुष्यात इतकं सुख फार थोड्या वेळा झालं आहे.

घरी आल्यावरचा पहिला गुरुवार संस्मरणीय झाला. "केस आहे? नाही? मग चपला घाला," असं म्हणत अप्पांनी रांग मोडून काढली. कपाटाचा हार मल्लप्पाच्या गळ्यात पडला, तोही काही मानानं नाही. ते दोघे भाऊ जोडीनं नमस्काराला आले होते. "समेट करायला कुणी सांगितला तुला? ती पट्टी तुझी आहे, मूर्खा!" अप्पा धाकट्यावर कडाडले. पंधरवड्यात दावा पुन्हा उभा राहिला. संध्याकाळी गिरमिटात कांदा कमी पडला.

सगळं जागेवर आलं असं आम्हाला वाटत होतं, तोवर डॉक्टर हिरेमठ पुन्हा आले. "एकच ग्रंथी बिघडली असती तर मी आलो नसतो," ते म्हणाले. "चारही बिघडल्यात, या वयात. अज्जांना खडे, अल्सर. काकांना खडे. हे एकट्याचं दुखणं नव्हे, रक्तातनं उतरत आलेलं असणार. अशा घरात मानेतल्या ग्रंथी बहुतेक आधी बोलतात. पोटातल्या, डोक्यातल्या गाठी मागनं येतात. आधीचं ऐकलं त्याला वेळ मिळतो. अज्जांना मिळाला नाही. घरातल्या सगळ्यांचं रक्त द्या मला."

त्या काळी एवढंच होतं, कॅल्शियम मोजायचं आणि अंदाज बांधायचा. आता जनुकाचीच तपासणी निघाली आहे. माझ्या मुलीला हा वारसा गेलेला नाही, मुलाला गेला आहे. मी दोन फोनमधे जरा गप्प राहिले की तो तिकडून विचारतो, आई, कॅल्शियम कधी पाहिलंस?

रक्त देताना पहिली सुई आपल्याला, असा हक्क अक्कानं थोरलेपणानं बजावला. नवी साडी नेसून ती दवाखान्यात गेली. अळणावरहून काकाही येऊन गेले. काकांचं कॅल्शियम वाढलेलं निघालं, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. अक्काचं अगदी ठणठणीत निघालं, आणि ती चवताळली. "म्हणजे मी काय बाहेरनं आणलेली आहे? अज्जांची पोरगी आहे मी! परत काढा रक्त!" डॉक्टरांनी परत काढलं. परत चांगलंच आलं. ती दोन वेळ जेवली नाही.

आणि माझं वाढलेलं होतं. मला काही दुखत नव्हतं, तहान नव्हती, मी शांत तर मुळीच नव्हते. "म्हणूनच बरं झालं," डॉक्टर म्हणाले, "लवकर सापडलं." मला त्यात बरं काय ते समजलं नाही. मला अज्जांचं रक्त ओकणं आठवत होतं, जे मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. अक्कानं उपास सोडून माझ्या हातात करंडा आणून ठेवला. "आता हा तुझा. तू खरी या घरची," असं म्हणाली आणि मला पोटाशी धरून हुंदके देऊन रडली.

अप्पांनी माझा रिपोर्ट वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ते गप्प झाले. आईनं गिरमिट आणलं, ते बशीतच मऊ पडलं. भोंगा वाजला आणि संपला. अप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते, त्याच खुर्चीवर, तसेच. आई चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या मनात आलं तेच माझ्या मनात आलं होतं: ती उरलेली अर्धी ग्रंथी. मल्लप्पाच्या मनातही तेच आलं असावं, कारण त्यानं हळूच चपला काढल्या.

सकाळी आईनं त्यांना लॅमिंग्टन रोडला नेलं, मलाही बरोबर घेतलं. रक्त दिलं, रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसलो. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं.

"कॅल्शियम उत्तम आहे," ते म्हणाले.

"मग हे असे का?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हे ग्रंथीचं नव्हे, वैनी. हे त्यांचं स्वतःचं आहे."

आम्ही बाहेर आलो. शाळा सुटली होती, रस्ता मुलांनी आणि सायकलींनी भरला होता. अप्पा पायरीवरच थांबले. मानेवरच्या लाल वणावर हात ठेवून, मराठीत, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडनंच आलं गं ते तुला."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. जे तोंडात आलं ते बोलले. "बिडरी अप्पा. एनैति अदराग."

मग त्यांचे कान लाल झाले. "एनैति? एनैति अंदरऽ?" ते गरजले, आणि रस्त्यावरची पोरं जागच्या जागी थांबली. काय आहे म्हणतेस? तुझी मान आहे! ऑपरेशन होणार, मी सांगेन तेव्हा होणार, दर वर्षी तपासणी होणार, पोटाची, डोक्याची, मी मेल्यावरसुद्धा होणार, आणि पुन्हा हे वाक्य माझ्या घरात कुणी उच्चारलं तर याद राखा! सगळं कानडीत. गुरुवारच्या रांगेतली एक म्हातारी नेमकी समोरून आली आणि त्यांच्या पायांशी वाकली, तर तिलाही त्यातला वाटा मिळाला. समोरचा पानवाला दुकानातून बाहेर आला. अप्पा थांबेनात, माझा दंड धरून रस्ताभर ओरडत चालले, आणि मी त्यांच्या बरोबरीनं जवळजवळ पळत होते.

आई मागून येत होती. तिनं हातातला रिपोर्ट घडी घालून पिशवीत टाकला.

"आता पटला मला," ती म्हणाली.